सल्ल्याचा उपास

ईस्टरचा सोमवार, दुपारचा चहा झाल्यावर

आदरणीय दादा,

प्रभूच्या नावाने तुम्हाला, वहिनींना आणि घरातल्या लहानथोर सगळ्यांना प्रेमाचा सलाम. तुमच्या गुडघ्यांना वेगळा सलाम, कारण लेंट, म्हणजे ईस्टरआधीचे उपासाचे चाळीस दिवस, हा त्यांच्या परीक्षेचा काळ. ते यंदा पास झाले, की तुम्ही खुर्चीत बसूनच प्रार्थना उरकल्या, ते कळवा. वहिनींचा खोकला कसा आहे? (मागच्या खेपेला मी सांगितलेला काढा त्यांनी घेतला नसावा अशी माझी अटकळ आहे. घेतला असता तर चांगलं नाहीतर वाईट, काहीतरी त्यांनी कळवलंच असतं.) आम्ही इकडे सुखरूप आहोत. तुमची बहीण ठणठणीत आहे, आवाजासकट. तुमची भाचीही बरी आहे. तिच्याबद्दल पुढे येईलच, किंबहुना दुसरं फारसं काही येणारच नाही. मीही बरा आहे. थोडा वाळलो आहे, पण ते जेवणाच्या उपासामुळे नव्हे. फोनवर हे सगळं सांगता आलं असतं, पण आमच्या घरात फोनवर बोलणाऱ्याच्या शेजारी तुमची बहीण उभी असते आणि मी सांगायच्या आधी गोष्टीचा शेवट सांगून टाकते. म्हणून लिहायला बसलो.

नाताळात तुम्ही आला होतात तेव्हा जेवता जेवता सहज बोलून गेलात की, तुमच्या फर्निचरच्या कारखान्यात नमुने बनवायच्या विभागात एक जागा आहे, आपल्या घरातलं कोणी आलं तर बरं होईल. तुम्ही सहज बोललात आणि माझी मुलगी सहज गप्प बसली. दादा, माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत. डोक्यावरून फळ्या वाहत मी या धंद्यात शिरलो, शाळेपेक्षा करवतच जास्त ऐकली, आणि जो काही माझा कारखाना उभा केला तो बराचसा या दोन कानांवर. पलीकडच्या खोलीत रंधा गाठीवर अडखळला तर मला घास गिळता गिळता कळतं. तेव्हा पोर गप्प बसली त्याचाही आवाज मला ऐकू आला. (ती माझ्या मनासारखं वागते तेव्हा मी तिला माझी मुलगी म्हणतो, एरवी ती तुमची भाची. तुमची बहीणही हीच वाटणी करते, फक्त उलट बाजूने.) तुम्ही गेल्यावर मी तिला विचारलं, जाणार का मामाकडे? ती म्हणाली, "बघू." आमच्या घरात "बघू" म्हणजे सामान अर्धं बांधून झालं.

अशातच आमच्या चर्चच्या पंचांनी ठरवलं की, मंडळी बसतात ते बाक आता दुरुस्तीला काढावेत. हे बाक मंडळीतल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसापेक्षा म्हातारे. कुणाची पाठ मोडलेली, कुणाचे पाय झिजलेले, आणि एका बाकावर तर बसणाऱ्याला उठताना कपड्याचा एक धागा अर्पण करूनच उठावं लागे. काम लेंटमध्ये करायचं, म्हणजे मंडळींनी सतरंजीवर आणि घडीच्या खुर्च्यांवर बसायचं, आणि त्या हालांना तपश्चर्या म्हणायचं. पंच चाणाक्ष आहेत. मी साहजिकच समजलो की काम आमच्या कारखान्याला मिळालं. मी टेप घेऊन निघालोसुद्धा. दारात माझी मुलगी (त्या क्षणी तुमची भाची) उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, हे काम माझं आहे. नकाशे मी दिले, पंचांनी मला सांगितलं. हे बाक माझ्या मनासारखे झाले तर मी इथेच राहीन. तुमच्या मनासारखे झाले तर मामाकडे जाईन." एवढं बोलून तिने माझ्या हातातला टेप घेतला. चांगला टेप होता.

आता तुम्ही म्हणाल, यात अवघड काय? गप्प बसायचं. दादा, तुम्ही मला पस्तीस वर्षं ओळखता, तरी असं म्हणाल? मी स्वतःहून गप्प बसलो नसतोच. पण देवाला आमच्या घराची काळजी, आणि तो नेहमीप्रमाणे तुमच्या बहिणीच्या हातून काम करून घेतो.

झालं असं की, आमचे पाळकसाहेब दर लेंटला पाहतात की जो तो आपल्याला सोपं जाईल तेच सोडतो. ज्याला गोड चालत नाही तो साखर सोडतो, ज्याची नजर अधू झाली तो टीव्ही सोडतो. (मी चार वर्षं वांगी सोडतो आहे. मला वांगी आवडत नाहीत.) म्हणून राखेच्या बुधवारी, म्हणजे लेंटच्या पहिल्याच दिवशी, कपाळांवर राखेचे क्रूस लावून झाल्यावर, त्यांनी जाहीर केलं की यंदा कुणी स्वतःसाठी काही निवडायचं नाही. तुम्हाला जो सगळ्यात जवळून ओळखतो त्याने उभं राहून सांगायचं, तुम्ही ईस्टरपर्यंत काय सोडायचं ते. सतरंजीवर नवराबायको एकमेकांपासून जरा सरकून बसले. नंतर मला कुणी कुणी सांगितलं की तेवढ्यात मागच्या दाराने दोनचार जण हवा खायला गेले.

सुरुवात पाळकांपासून झाली. पाळकबाई उठल्या आणि म्हणाल्या, "यांनी प्रवचनात 'शेवटी एकच सांगतो' हे म्हणायचं सोडावं." लोक इतके हसले की कपाळावरची राख नाकावर आली. (त्याचा परिणाम मात्र वाईट झाला. पूर्वी "शेवटी एकच सांगतो" म्हटलं की निदान निम्मं झालं एवढं तरी कळायचं. यंदा लेंटभर प्रवचन कुठवर आलं याचा कुणाला पत्ता नव्हता.) मग चष्म्यांच्या दुकानातल्या बाई, ज्यांना आम्ही प्रेमाने बातमीबाई म्हणतो, त्यांच्या नणंदेने सांगितलं, हिने दुसऱ्याच्या घरातलं बोलायचं नाही. बाई खाली बसल्या त्या एखाद्याने नोकरी गेल्याची चिठ्ठी वाचून बसावं तशा. गायनमास्तरांना त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या ऑर्गनवाल्या बाईंनी, गाणाऱ्यांच्या चुका काढायला मनाई केली. मग तुमची बहीण उठली. मला वाटलं, फार तर संध्याकाळचा चहा जाईल. तिने पदर सारखा केला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, "यांनी कुणालाही सल्ला द्यायचा नाही."

दादा, त्यावर मंडळींनी "आमेन" म्हटलं. म्हणा असं कुणी सांगितलं नव्हतं. मी त्या चर्चमध्ये नाताळ पाहिले, लग्नं पाहिली, छप्पर दुरुस्त झालं तेव्हाचं आभारप्रदर्शन पाहिलं, पण असं एका सुरातलं, पोटातून आलेलं आमेन कधी ऐकलं नव्हतं. ऑर्गनवाल्या बाईंचं बोट तर पट्टीवर पडलंच. (नंतर म्हणाल्या, चुकून. तीन पट्ट्या एकदम चुकून कशा पडतात?) मग तुमच्या बहिणीने काय सोडावं हे ठरवायची पाळी माझी आली. मी शहाणा माणूस आहे. साखर म्हणालो.

घरी येताना मी तिच्याशी थोडा वाद घातला. सल्ला म्हणजे नेमकं काय? भांडं गरम आहे, हात लावू नको, हा सल्ला की माहिती? ती म्हणाली, "न विचारता सांगितलं की सल्ला." मी म्हणालो, "आणि कुणी विचारलं तर?" ती म्हणाली, "विचारणारं कुणी आहे का, ते आधी बघा." त्यानंतर मी लेंटभर विचारणाऱ्याची वाट पाहत होतो. कारखान्यात सकाळी चहाचा कप घेऊन मी प्रत्येकाजवळ जाऊन उभा राही, चेहरा असा करून, की या माणसाला काहीतरी विचारावं. करवतीवरचा माणूस म्हणे, "साहेब, जरा उजेड सोडा." पॉलिशवाले काका, माझ्याइतकेच जुने, त्यांनी तर एक दिवस माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "साहेब, हा लेंट तुमचा वर्षातून दोनदा येत नाही का हो?"

आणि तिकडे, पत्र्याच्या शेडच्या त्या टोकाला, माझी मुलगी बाक उघडत होती. मी जवळ जात नव्हतो, पण कान थोडेच दाराशी काढून ठेवता येतात? तिने पाठीच्या नव्या फळ्यांना रंधा लावला की मला तो आवाज जड वाटे. कोरड्या लाकडावर रंधा कसा शिट्टी वाजवत जातो. हा गुरगुरत होता. माझी खात्रीच पटली की लाकूड ओलं आहे. ओल्या लाकडाचे बाक म्हणजे पावसाळा सरला की सांधे सुटणार, बाक कुरकुरणार, मंडळी हसणार, आणि पोर तोंड लपवायला तुमच्याकडे येणार. मी खोकलो. ती काम करत राहिली. मी जरा अर्थपूर्ण खोकलो. संध्याकाळी तुमच्या बहिणीने सांगितलं की आजपासून खोकलाही सल्ल्यात धरला जाईल.

आता मी जे केलं ते ऐका, आणि यात पाप किती आणि हुशारी किती हे तुम्हीच ठरवा. लेंटमध्ये दर बुधवारी संध्याकाळी पाळकांच्या दिवाणखान्यात प्रार्थनासभा असते. दहाबारा माणसं येतात, त्यांतली तीन झोपतात. ज्याच्या मनात येईल त्याने डोळे मिटून मोठ्याने प्रार्थना करायची. माझ्या मनात आलं. माणसाला सल्ला द्यायचा नाही हे खरं, पण देवाशी बोलायला कुणाची बंदी? मी उभा राहिलो आणि म्हणालो, "हे प्रेमळ बापा, तुझा पुत्र सुताराच्या घरी वाढला. ओलं लाकूड म्हणजे काय, हे आम्ही तुला काय सांगावं? तरी आमच्या लेकरांच्या मनात आण, की फळी कापण्याआधी ती गालाला लावून पाहावी, थंड लागली तर आणखी सुकू द्यावी. आणि सरस नीट धरेपर्यंत शिकंजा सोडू नये, एवढा धीर त्यांना दे." सगळे "आमेन" म्हणाले. मी समाधानाने बसलो. आणि समोरून तुमच्या भाचीचा आवाज आला, डोळे घट्ट मिटून, "हे प्रभू, ते लाकूड दोन वर्षं आमच्याच माळ्यावर सुकत पडलंय आणि ते बाबांनीच चढवलंय, याची त्यांना आठवण दे." त्यालाही "आमेन" म्हणाले. या मंडळींना काही धरबंध नाही. मी पुन्हा उठलो, "प्रभू, माळ्यावर गळती होती हेही तू पाहिलंस." ती म्हणाली, "प्रभू, गळती दुसऱ्या कोपऱ्यात होती हे तुझ्यापासून लपलेलं नाही." झोपणारे तिघे जागे झाले.

मी एक दार उघडलं, दादा, आणि त्यातून सगळं गाव आत आलं. पुढच्या बुधवारी बातमीबाई उभ्या राहिल्या. त्यांचा चेहराच सांगत होता की हा मार्ग आपल्याला आधी का सुचला नाही. "हे करुणामय देवा, आमच्या जिन्यातल्या एका बहिणीसाठी विनंती करते, तिचं नाव तुला माहीत आहे, दुसरा मजला, डावीकडचं दार. तिचा मुलगा परीक्षेला बसलाच नाही हे तिला अजून कळलेलं नाही, तिला सांभाळ." त्यांची प्रार्थना पाचव्या मजल्यावर संपली. गायनमास्तर उठले आणि म्हणाले, "प्रभू, जो बंधू सगळ्यांत उंच आवाजात गातो, त्याला त्याची खरी पट्टी तू दाखव, कारण मला दाखवायची मनाई आहे." उंच आवाजाचे बंधू लगेच उठले आणि त्यांनी देवाला विनवलं की हातवारे करणाऱ्यांचे हात तालात पडोत. त्याच्या पुढच्या बुधवारी दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. ख्रिस्तजयंतीलासुद्धा न दिसणारी माणसं दिसू लागली. खिडकीबाहेर लोक उभे. पाळकसाहेब भारावून गेले. त्यांनी शेजारच्या मंडळीच्या पाळकांना कळवलं की आमच्याकडे प्रार्थनेची मोठी जागृती झाली आहे, येऊन पाहा. तेही आले. पुढल्या रांगेत बसले. तुमची बहीण माझ्या शेजारी बसलेली असे.  ती प्रत्येक आमेननंतर माझ्याकडे असं पाही, की राख पुन्हा कपाळावर आल्यासारखी वाटे.

हे किती दिवस चाललं असतं कुणास ठाऊक, पण पाळकसाहेबच त्यात सापडले. पाहुण्या पाळकांसमोर त्यांनी समारोपाची प्रार्थना सुरू केली. ती लांबली. आणखी लांबली. आणि भरात येऊन त्यांनी हात पसरून म्हटलं, "आणि प्रभू, शेवटी एकच सांगतो..." पाळकबाईंनी एक डोळा उघडला. आम्ही सगळ्यांनीच उघडला. पाळकसाहेबांनीही उघडला, आणि त्यांना समोर उघडलेल्या डोळ्यांची आख्खी जागृती दिसली. ते तसेच हात पसरून उभे राहिले. मग त्यांच्या खांद्यांना हिसका बसला, आम्हाला वाटलं रडतात की काय. पण ते हसत होते. माणूस खरा मोठा मनाचा. हसून झाल्यावर डोळे पुसून म्हणाले, "बंधुभगिनींनो, आपण देवाच्या आड लपून एकमेकांना टोमणे मारतो आहोत, आणि आता त्यात मीही आहे. इथून पुढच्या सभा मुक्याने होतील." पुढच्या बुधवारी दहाबारा माणसं आली. तिघं झोपली.

मग मात्र माझ्यापुढे वाट उरली नाही. मी खरोखरीच गप्प बसलो. सवय झाली असं म्हणणार नाही, पण बोलायचं नाही असं एकदा पक्कं झालं की कान मोकळे होतात हे मात्र कळलं. पूर्वी मी ऐकायचो ते मधे पडायला फट कुठे सापडते ते पाहायला. आता ऐकलं तेव्हा कळलं की माझी मुलगी काम करताना स्वतःशी पुटपुटते, फळीला "अगं थांब" म्हणते, आणि माणसांना काम सांगताना आधी त्यांना विचारते. कुणी चुकला तर ओरडत नाही, "परत" म्हणते. एवढंच. आणि ते परत करतात. मी ओरडून ओरडून जे काम करून घेतलं तेच काम एका "परत"मध्ये होताना पाहून मला आनंद झाला, आणि थोडा रागही आला.

ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी बाक परत चर्चमध्ये लागले. दादा, दिसायला देखणे. पाठीला तिने किंचित उतार दिला आहे, माणूस टेकला की त्याला झोप लागणार नाही पण झोपेची आठवण येईल. जुन्या लाकडाला नवं लाकूड कुठे जोडलं ते बोट फिरवूनही कळत नाही. सगळ्यांनी वाहवा केली. त्या दिवशी गाणी, झावळ्या, लेकरांचा गलका, कुणाला काय ऐकू येणार? मलासुद्धा आलं नाही.

ऐकू आलं ते उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला. तुम्हाला ठाऊक आहे, दुपारची ती तीन तासांची उपासना, येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार, आणि प्रत्येक उद्गारानंतर संपूर्ण शांतता. पहिल्या शांततेत बातमीबाईंनी पाय बदलला. कुर्र. पलीकडून गायनमास्तर सावरून बसले. कर्रर. मग डावीकडून एक, मागून दोन. बाक एकमेकांशी बोलू लागले. दुसऱ्या उद्गारापासून मंडळी श्वास रोखून, अंग आक्रसून बसली, खांदा हलवायची सोय नाही. (पाळकसाहेब नंतर म्हणाले की एवढी निश्चल भक्ती त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती.) आणि मी? दादा, पहिल्या कुर्रला मला आनंद झाला. ओलं लाकूड! मी म्हटलं होतं! तिला तोंडावर नाही, पण प्रार्थनेत तरी म्हटलंच होतं. मग मी वळून पाहिलं. ती अगदी मागे बसली होती, मान खाली. लहानपणापासून लाज वाटली की तिचे कान लाल होतात. पडदे ओढलेल्या त्या अंधारातही ते लाल दिसत होते. आपलं बरोबर ठरण्यात एवढीशीही मजा उरली नाही. उरलेले पाच उद्गार मी एकच मागणं मागत होतो, की माझं चुकीचं ठरू दे. माझ्या तोंडून देवाने असलं मागणं पूर्वी ऐकलेलं नाही.

शनिवारी सकाळी मी चहा घेत होतो. ती समोर येऊन बसली. तुमची बहीण कप ठेवून आत गेली, पण भांड्यांचा आवाज येईना, म्हणजे तिचाही कान इकडेच होता. पोर टेबलाकडे पाहत म्हणाली, "बाबा, काल तुम्हाला काय ऐकू आलं?"

विचारलं! अखेर कुणीतरी विचारलं! माझ्याकडे आख्ख्या लेंटचं साठवलेलं होतं, ओठाशी रांग लागली होती. मी तोंड उघडलं. आणि लक्षात आलं की तिने "काय करू" असं विचारलंच नाही. काय ऐकू आलं, एवढंच विचारलं आहे. मी तोंड मिटलं. म्हणालो, "पुन्हा ऐकावं लागेल."

आम्ही दोघं रिकाम्या चर्चमध्ये गेलो. ती एकेका बाकावर बसून डावीउजवीकडे हले, आणि मी वाकून, मग गुडघ्यांवर, मग सरळ पालथा पडून फरशीला कान लावून ऐके. मध्येच पाळकसाहेब आत आले. मला वेदीसमोर असा पसरलेला पाहून त्यांनी हात जोडले, डोळे मिटले, आणि पावलं न वाजवता निघून गेले. (त्यांचा गैरसमज मी अजून दूर केलेला नाही. माझी पत थोडी वाढली तर कुणाचं काय जातं?) सांधे मुके होते. फळ्या मुक्या होत्या. लाकूड कोरडं होतं, दादा, खडखडीत. आवाज येत होता तो अगदी खालून. जुने बाक पिढ्यान्पिढ्या एकाच जागी उभे राहून, झिजून झिजून, त्या उंचसखल फरशीच्या अंगाचे झाले होते. हिने पातळी पाहायची पाणसळ लावून चारही पाय नेमके सारखे केले. बाक सरळ, जमीन वाकडी. म्हणून तीन पाय उभे आणि चौथा जमीन शोधत कुरकुरतोय. मी उठून बसलो आणि म्हणालो, "सांध्यात काही नाही. लाकडातही नाही. चौथा पाय जमिनीला लागत नाही."

आणि इथे मी थांबलो. हे वाक्य तुम्ही पुन्हा वाचा, वहिनींनाही वाचून दाखवा. माझ्या खिशात पाचरी होत्या. सुताराच्या खिशात असतातच. प्रत्येक पायाखाली एकेक ठोकली की तासाभरात काम. ते ओठांवर आलेलं मी गिळलं, आणि गिळताना ते लाकडाइतकंच कोरडं लागलं. तिने वाकून फरशीवरून तळहात फिरवला. मग म्हणाली, "पाचरी नकोत, झाडताना निघतील. प्रत्येक बाक त्याच्या त्याच्या जागेवर ठेवून, पायांवर फरशीपासून रेघ मारून तेवढंच कापते. तुम्ही धरा." मी धरलं. दिवसभर धरलं. "धरा" म्हणाली की धरायचं, "सोडा" म्हणाली की सोडायचं. एकदा माझ्या बाजूची फळी तिरकी झाली. ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "परत." आणि मी परत केलं.

काल ईस्टर झाला. "प्रभू उठला आहे" म्हणून मंडळी उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली, आणि बाकांतून सुईएवढाही आवाज आला नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही. बातमीबाई सुटल्या होत्या, पायऱ्यांवर त्यांनी पाचही मजल्यांचा वृत्तान्त दिला, पण त्यात बाकांचा शब्द नव्हता. सुताराचं काम लोकांच्या ध्यानात येत नाही तेव्हाच ते नीट झालेलं असतं. हे मी तिला सांगणार होतो, लेंट संपलाच होता. पण तिच्या कानांकडे पाहिलं. ते अगदी साधे, रोजच्या रंगाचे होते. तिला ठाऊक होतं.

दुपारी जेवताना ती जे बोलली ते तिचं तिने तुम्हाला कळवावं हेच बरं. मी आता कुणाच्या मध्ये पडत नाही. मन भरलेलं आहे, प्रभूची कृपा आहे. वहिनींना जपा, गुडघ्यांना शेक द्या (हा सल्ला नव्हे, माया आहे), आणि लेकरांना माझे आशीर्वाद सांगा.

तुमचा, तुमच्या बहिणीने सुधारलेला,
मेहुणा

ता. क. बरं, सांगूनच टाकतो, कारण एक विनंती आहे आणि ती त्याशिवाय कळायची नाही. माझी मुलगी तुमच्याकडे येत नाही. इथेच राहणार, कारखाना पुढे नेणार. दोन शाळांच्या बाकांचं काम तिच्याकडे आलं आहे. मात्र तिची एक अट आहे. हे काम उभं राहीपर्यंत, म्हणजे साधारण महिनाभर, मी ऐकू येण्याच्या टप्प्यात असू नये. मी म्हणालो, वरच्या खोलीत बसतो. ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला वरून खालचा खिळा ऐकू येतो." त्यात तिचं काही चुकलं नाही. तेव्हा, तुमच्या नमुने विभागातली ती जागा अजून कुणाला दिली नसेल तर महिनाभर मला ठेवून घ्याल का? पगार नको. एक कोपरा आणि दोन वेळचा चहा पुरे. येत्या आठवड्यात निघू शकतो. घरात सगळे म्हणतात, उद्याच निघा.

ता. क. दुसरा. माझ्यापासून तुम्हाला अवाक्षराचाही त्रास होणार नाही. या लेंटने मला पुरतं बदललं आहे. फक्त मागच्या आठवड्यात तुमचा फोन आला तेव्हा तुमच्या मागे मोठी करवत चालू होती, तिचा पट्टा सैल झाला आहे, तो घट्ट करून घ्या. आणि दाराजवळचा कुणी माणूस रंधा उलटा मारतो, त्याला मी येईपर्यंत थांबायला सांगा.

दादा, यांनी पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. महिना नको, दोन ठेव. पोरीचा जीव तेवढ्यात सुखाने रुळेल, आणि यांनाही तुझ्याकडे करमेल, मी ओळखते ना. पट्टा मात्र खरंच बघून घे, हयगय करू नको. यांच्या तोंडाचं कधी मनावर घेऊ नकोस, पण कानाचं घे.
— तुझी ताई नव्हे, धाकटीच, पण आता तीच समज